पिशवी काढायची की नाही? वजन, अंगावरून जाणं आणि ४४ वर्षांच्या एका बाईचं प्रकरण

पार्श्वभूमी

सुमनअक्का म्हणू आपण त्यांना. नाव बदललंय, गाव सांगत नाही, आणि ओळखू येईल असे एकदोन तपशील हलवलेत. वय ४४, बेळगावहून खानापूरच्या दिशेला एक गाव, नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत शिफ्टवर, मुलगी डिग्रीला, मुलगा दहावीत, घरात सासू. थोडी शेती आहे, भात आणि रताळी, पण गेली आठदहा वर्षं अक्का शेतात फारशा जात नाहीत कारण घरात शिलाई मशीन आलं आणि ब्लाउजच्या ऑर्डरी सुरू झाल्या. लग्नसराईत रात्री बारापर्यंत मशीनवर बसलेल्या असतात. भांगलण, कापणी, डोक्यावरून भारे, हे सगळं सुटलं आणि जेवण मात्र तेच राहिलं, भात तितकाच, चहा तर वाढलाच, कारण गिऱ्हाईक आलं की चहा ठेवायचा आणि तिच्याबरोबर आपणही घ्यायचा.

लग्नात वजन ४८ होतं म्हणे. दुसऱ्या बाळंतपणात शुगर वाढली होती, बाळ झाल्यावर नॉर्मल आली, आणि मग तो विषय संपला असं सगळ्यांनी धरलं. गरोदरपणात शुगर झालेल्या बाईला पुढे कायमचा डायबेटिस होण्याची शक्यता बरीच जास्त असते आणि तिने ठराविक काळाने रक्त तपासत राहायला हवं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं किंवा सांगितलं असेल तर कन्नडमध्ये आणि घाईत. पंधरा वर्षांत शुगर एकदाही बघितलेली नाही.

माझ्याकडे आल्या २०२५ च्या मे महिन्यात. मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. मुलगी घेऊन आली होती आणि तिचं पहिलं वाक्य होतं, "मॅडम, आईचं दहा किलो कमी करून द्या, ऑपरेशनच्या आधी." कसलं ऑपरेशन विचारलं तर म्हणाली पिशवीचं, म्हणजे गर्भाशय काढायचं.

नेमका त्रास काय होता

वजन ८४ किलो, उंची १५२ सेंटीमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३६ च्या वर. आपल्याकडच्या लोकांसाठी २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, त्या हिशोबाने हे बरंच पुढे गेलेलं. कंबर मोजायला मी टेप शोधत होते तर अक्कांनी स्वतःच्या गळ्यातली काढून दिली, गळ्यात टेप घेऊनच बसने आल्या होत्या, काढायची राहून गेलेली. म्हणाल्या, "गावातल्या सगळ्या बायकांचं माप माझ्या वहीत हाय, माझंच नाही." ४१ इंच भरली, म्हणजे १०४ सेंटीमीटर. बायकांसाठी ८० च्या आत असावी म्हणतात.

पण वजन ही त्यांची तक्रार नव्हतीच. तक्रार अशी की पाळी दोन-अडीच महिने येत नाही आणि आली की पंधरा-वीस दिवस जातच राहते, गाठी पडतात, रात्री अंथरुणावर जुनी साडी चौघडी घालून झोपायचं. हे दोन वर्षं चाललंय. त्याशिवाय दोन्ही गुडघे दुखतात, जिना उतरताना जास्त. झोपेत जोरात घोरतात, सकाळी डोकं जड. दम लागतो. आणि आणखी एक गोष्ट जी त्यांनी मुलीला बाहेर पाठवल्यावर सांगितली ती म्हणजे खोकलं, शिंकलं, हसलं की थोडी लघवी होते. त्यामुळे लग्नाला जाणं बंद, लांबचा बसप्रवास बंद. शक्ती योजनेमुळे २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसला तिकीट नाही, गावातल्या बायका सौंदत्तीला यल्लम्माला गेल्या, धर्मस्थळला जाऊन आल्या, ह्या एकदाही नाहीत. घरच्यांना वाटायचं हिला आवडत नाही.

आता ह्या सगळ्या तक्रारी घेऊन त्या चार वर्षांत वेगवेगळ्या दवाखान्यांत गेल्या होत्या. गुडघ्याला गोळी मिळाली आणि "वजन कमी करा." दम लागतोय म्हटल्यावर "वजन कमी करा." थकवा येतो, "वजन कमी करा की." अंगावरून जायलंय म्हटल्यावर "वय झालंय, आणि वजन पण." मला ह्यात सगळ्यात जास्त खटकतं ते हे की चारही ठिकाणी वाक्य खोटं नव्हतं, पण ते वाक्य बोललं की तपासणी संपायची. कसं कमी करायचं हे कुणी सांगितलं नाही आणि दुसरं काही असू शकतं का हे कुणी बघितलं नाही.

हिमोग्लोबिन पहिल्यांदा कधी बघितलं, तर एका लग्नात चक्कर येऊन पडल्या तेव्हा. ७.४ निघालं. नणंद म्हणाली, एवढी धष्टपुष्ट बाई, हिला रक्त कमी कसं? हा गैरसमज फक्त नणंदेचा नाही, भल्याभल्यांचा आहे. अंगावर मांस आहे म्हणजे रक्त असणारच असं वाटतं, प्रत्यक्षात लठ्ठपणात शरीरात जी बारीक सूज कायम असते त्याने अन्नातलं लोह शोषून घेणं उलट कमी होतं, त्यात दर पाळीला एवढं रक्त जायचं, मग उरणार काय.

त्या चक्करनंतर एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली. गर्भाशयाचं आतलं अस्तर १७ मिलिमीटर जाड, पिशवी थोडी मोठी, एक बारीक फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली साधी गाठ. तिथे सांगितलं, पिशवी काढून टाका, ठेवलात तर कॅन्सर होईल, पण रक्त भरा आणि जमलं तर वजन उतरवा, महिन्याभराने या. संमतीचा कागद त्याच दिवशी हातात दिला होता, कन्नड आणि इंग्रजीत. अक्का मराठी शाळेत सातवीपर्यंत. कन्नड बोलतात बाजारापुरतं, वाचता येत नाही. नवऱ्याने सही करून टाकली होती, त्यांची करायची राहिली होती.

वजनाचा आणि पिशवीचा संबंध काय

इथे जरा थांबते कारण अक्कांना हेच कुणी समजावून दिलं नव्हतं, आणि समजल्यावर त्यांचा निर्णय बदलला.

पोटावरची, मांड्यांवरची चरबी म्हणजे नुसतं साठवलेलं तूप नाही. चरबीत इस्ट्रोजेन हे हार्मोन तयार होतं. बाईच्या बीजकोषातून होतं ते वेगळं, हे वरचं. चाळिशीनंतर, आणि वजन जास्त असेल तर आधीपासूनच, दर महिन्याला बीज बाहेर पडेलच असं नाही, आणि बीज नाही पडलं तर प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन तयार होत नाही. इस्ट्रोजेन अस्तर वाढवतं, प्रोजेस्टेरॉन त्याला आवरतं. मी अक्कांना म्हटलं, शेताला खत-पाणी रोज पडायलंय आणि भांगलण कुणी करेना, तर काय होईल? म्हणाल्या, "रान माजेल की." तेच. अस्तर माजतं, पाळी लांबते, आणि मग एकदा सुटलं की थांबत नाही.

हे अस्तर बरीच वर्षं असंच वाढत राहिलं तर त्यात पेशींचे बदल होऊ शकतात आणि काहींमध्ये कॅन्सरही. लठ्ठ बायकांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका दोन ते चार पट असतो, वजन खूपच जास्त असेल तर त्याहून वर. म्हणजे पहिल्या दवाखान्यातली कॅन्सरची भीती हवेतली नव्हती. पण १७ मिलिमीटर ह्या आकड्यावरून कॅन्सर आहे की नाही, होणार की नाही, हे ठरत नाही. त्यासाठी अस्तराचा तुकडा काढून तपासायला लागतो, आणि तो काढलाच नव्हता.

एवढं समजल्यावर अक्कांनी विचारलेला प्रश्न मला अजून आठवतो. "मग आधी तपासून बघायचं सोडून आधी काढायचं कशाला?"

समोर कोणते मार्ग होते

पहिला मार्ग, ठरलेलं ऑपरेशन. ह्याला घरातून जोर होता. जाऊबाईंची पिशवी पस्तिशीत काढलेली, सासूबाईंची अडतिसाव्या वर्षी, गल्लीत आणखी चारपाच. आमच्या भागात हे असंच बोललं जातं, मुलं झाली, आता तिचा उपयोग काय, काढून टाकलं की सुटलो. नवरा मला फोनवर म्हणाला, "मॅडम, एकदाच काय ते करून टाकू, सारखी किरकिर नको." माणूस वाईट नाही हो, रात्री बायकोला रक्ताने भिजलेली बघून घाबरलेला. २०२३ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने अनावश्यक गर्भाशय काढण्याविरुद्धच्या सूचना राज्यांनी लागू कराव्यात असा आदेश दिला, तेव्हा हा काय आमच्याच गल्लीचा प्रश्न नाही. पण अक्कांच्या बाबतीत ऑपरेशन चुकीचंच असतं असं मी म्हणणार नाही. तपासणीत पेशी बिघडलेल्या निघाल्या असत्या तर तोच रस्ता होता. अडचण ही होती की ७.४ हिमोग्लोबिन, ३६ बीएमआय आणि घोरणं अशा बाईला भूल देणं सोपं नाही, टाके पिकणं, पायात रक्ताच्या गुठळ्या होणं, हे सगळं वजनाबरोबर वाढतं, आणि एवढं करून गुडघे, शुगर, लघवी, दम, ह्यातलं काहीच सुटणार नव्हतं.

दुसरा, रक्त थांबवायच्या गोळ्या घेत राहायचं आणि पाळी जायची वाट बघायची. दोन वर्षं तेच चाललं होतं. अक्कांना सोपा वाटत होता हाच.

तिसरा, दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून अस्तराचा तुकडा तपासायचा आणि रिपोर्ट बघून ठरवायचं.

वजनाच्या बाजूला वेगळेच मार्ग होते. ओळखीतल्या एका बाईने पावडरचा डबा आणून दिला होता, सकाळ-संध्याकाळ दुधातून घ्यायचा, जेवण एकच वेळ, महिन्याला सहासात हजार. मुलगी रील बघून इंजेक्शनचं विचारत होती, मौंजारो, जे मार्च २०२५ मध्येच भारतात आलं होतं. औषध खरं आहे, वजन उतरतं, पण तेव्हाच्या भावाने सुरुवातीचाच डोस महिन्याला चौदा हजारांच्या घरात, पुढे वाढत जाणारा, आणि थांबवलं की वजन बऱ्यापैकी परत येतं. फाउंड्रीच्या पगारात ते बसत नव्हतं. वजनाची शस्त्रक्रिया ह्या बीएमआयला नियमात बसते, तो विषय मी काढला कारण सांगणं गरजेचं, पण अक्का म्हणाल्या, "पोट कापून घ्यायचं? मग पिशवीच कापतो की." संपला विषय.

पावडरबद्दल मी स्पष्ट नको म्हटलं. ७.४ हिमोग्लोबिनवर एक वेळ जेवून राहणं हे धोक्याचं.

निर्णय कसा झाला

तिसरा मार्ग ठरला, पण सहज नाही. अडलं दोन ठिकाणी. एक तर तुकडा काढणं म्हणजे कॅन्सर पसरवणं असं जाऊबाईंनी डोक्यात भरवलेलं. त्यावर उपाय म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे अक्कांना आधी नुसतं बोलायला नेलं, तपासायला नाही. त्या डॉक्टर मराठी बोलणाऱ्या होत्या, त्यांनी ती बारीक नळी हातात देऊन दाखवली, ओपीडीतच होतं, पाचदहा मिनिटं, पाळीसारखी कळ येते. नळी बघून अक्का हसल्या, म्हणाल्या माझ्या मशीनच्या सुईएवढी हाय.

दुसरं, नवरा. त्याला समोर बसवून डॉक्टरांनी एकच विचारलं, तुमच्या बायकोला रक्त कमी आहे, आज ऑपरेशनला झोपवायचं तर आधी रक्त चढवायला लागेल, तेवढ्या वेळात रिपोर्ट येतो, थांबायला काय हरकत? त्याला ते पटलं. मला वाटतं त्याला कुणीतरी हिशोबाने बोललेलं हवं होतं, धीर देणारं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तुकडा काढला. रिपोर्टमध्ये अस्तर वाढलेलं, हायपरप्लेशिया, पण पेशींमध्ये बिघाड नाही. ह्या प्रकारात पुढच्या वीस वर्षांत कॅन्सर होण्याची शक्यता ५% हून कमी असते, आणि औषधाने अस्तर परत सरळ होतं बहुतेकींचं. पेशी बिघडलेल्या असत्या तर गोष्ट पूर्ण वेगळी होती, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं.

काय केलं

अस्तरासाठी हार्मोनवाली कॉपर-टीसारखी वस्तू गर्भाशयात बसवली, जी आतल्या आत थोडं थोडं प्रोजेस्टेरॉनसारखं औषध सोडत राहते. जूनअखेरीस. सहा महिन्यांनी परत तुकडा काढून बघायचं ठरलं.

रक्तासाठी लोहाच्या गोळ्या आधी दिलेल्या होत्या, त्याने शौचाला खडा होतो म्हणून अक्का त्या डब्यात टाकून ठेवत होत्या, नवऱ्याला घेतल्या म्हणून सांगत होत्या. म्हणून शिरेतून लोह दिलं, सलाईनमधून. त्याच वेळी रक्ताच्या तपासण्या केल्या, तीन महिन्यांची सरासरी शुगर ६.३, म्हणजे डायबेटिसच्या उंबऱ्यावर. थायरॉइड ठीक. बीपी १४८/९४, त्याची एक गोळी सुरू.

जेवणाचं माझ्याकडे होतं. पहिल्या भेटीत मी चार्ट देत नाही, आठवडाभर नुसतं लिहून आणा म्हणते. अक्का म्हणाल्या, "मी कुठं जास्त खातो ओ, सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खातो." आणि वही बघितल्यावर अडचण तिथेच सापडली, त्या उरलंसुरल्यात. सकाळी चहा-बटर, नऊला परत चहा, नाश्त्याला उरलेलं उप्पीट, दुपारी तीनला भात-आमटी, संध्याकाळी गिऱ्हाइकाबरोबर चहा, खारी किंवा चुरमुरे, नवरा सेकंड शिफ्टवरून साडेदहाला आला की त्याच्याबरोबर भात, आणि पातेल्यात राहिलेला भात टाकायचा कसा म्हणून तोही. दिवसाला सहा चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे साठेक ग्रॅम साखर नुसत्या चहात. डब्ल्यूएचओ म्हणतं वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवा. मंगळवारी उपवास, त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी दोनदा. आणि अंडी? घरात येतात, मुलगा आणि नवरा खातात. डाळीतलं वरचं पाणी आमटीला, घट्ट गोळा मुलाच्या ताटात. अक्कांच्या दिवसभरात प्रोटीन म्हणावं असं जवळजवळ काही नाही.

तर बदल असे केले की घरातला स्वयंपाक दोन वेगळा होणार नाही. अक्कांचं वेगळं शिजवा म्हटलं असतं तर ते आठ दिवस चाललं असतं, कारण शिजवणार त्याच आहेत. भात दुपारी एक वाटी, रात्री भाकरी, जोंधळ्याची किंवा नाचण्याची जी असेल ती एक, आणि आमटीऐवजी हुलगे, मटकी, चवळी यांची उसळ, घट्ट, मोठी वाटी. एक अंडं अक्कांचं, नाव घेऊन अक्कांचं. चहा तीन, साखर एक चमचा, पंधरा दिवसांनी अर्धा. नवऱ्याची सेकंड शिफ्ट असेल त्या आठवड्यात साडेसातला मुलांबरोबर जेवायचं आणि तो आला की नुसतं वाढायला बसायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. नवऱ्याच्या आधी जेवायचं म्हणजे सासूबाईंच्या तोंडाला लागणं. पण सासूबाईंना स्वतःला साडेसातला भूक लागते, त्या एकट्याच जेवत होत्या इतकी वर्षं, आता सोबत झाली, तर त्यांनी काही कुरकुर केली नाही.

उपवास सोडायला मी सांगितलं नाही. सांगून कुणी सोडत नाही. साबुदाण्याऐवजी रताळं उकडून, शेतातलंच, आणि ताक, शेंगदाणे मूठभर.

चालण्याचं वेगळंच होतं. गुडघे दुखतात त्या बाईला रोज तासभर चाला सांगणं म्हणजे चौथ्या दिवशी बंद पाडणं. फिजिओथेरपिस्टने खुर्चीत बसून पाय सरळ करून धरायचा व्यायाम दिला, आधी मांडीची ताकद, मग चालणं. एक किलो वजन उतरलं तर चालताना गुडघ्यावरचा भार प्रत्येक पावलाला चारेक किलोने कमी होतो, हे त्यांना सांगितलं तेव्हा पहिल्यांदा वजनाचा आकडा त्यांना उपयोगाचा वाटला. लघवीसाठी खालचे स्नायू आवळून धरायचा व्यायाम, मशीनवर बसल्या बसल्या करायचा, बॉबिन बदलली की दहा वेळा. आणि चालायला कुठे? शहरात व्हॅक्सिन डेपोला, किल्ला तलावाला बायका बूट घालून फिरतात, कुणी बघत नाही. गावात संध्याकाळी एकटी बाई रस्त्याने फिरली तर चार जण विचारतात कुठं चाललीस. अक्कांनीच वाट काढली, सकाळी डेअरीला दूध घालायचं काम मुलाकडून आपल्याकडे घेतलं, जाताना जवळच्या रस्त्याने, येताना लांबच्या. हातात कॅन असली की कुणी विचारत नाही.

मध्येच जे अडलं

ती वस्तू बसवल्यावर पहिले काही महिने थोडं थोडं डाग पडत राहतात, हे आधी सांगितलेलं होतं. पण सांगणं वेगळं आणि ऑगस्टअखेरीस गणपती-गौरी घरात आणि रोज डाग, हे वेगळं. अक्कांना पूजेला बसता येईना, गौरीचं करता येईना, मोदकाच्या चुलीजवळही नको म्हणून त्यांनीच स्वतःला लांब ठेवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. जाऊबाई आल्या होत्या पाहुण्या, म्हणाल्या मी तेव्हाच सांगत होतो, काढून टाकली असतीस तर आज ही वेळ नसती. अक्कांनी मला फोन केला आणि म्हणाल्या ते काढून टाकायचंय, उद्याच.

हा ह्या प्रकरणातला सगळ्यात नाजूक वेळ होता असं मला वाटतं. ती वस्तू त्या दिवशी काढली असती तर अस्तर परत वाढलं असतं आणि वर्षाच्या आत त्या ऑपरेशन टेबलवर असत्या. मी डॉक्टरांना दाखवून या, मग ठरवा एवढंच म्हटलं. सोनोग्राफीत वस्तू जागेवर होती, डाग कमी होत जातील, डिसेंबरपर्यंत थांबा असं सांगितलं. पण खरा प्रश्न सोडवला सासूबाईंनी. घरी येऊन अक्कांनी डॉक्टरांचं सांगितलं तेव्हा म्हातारी म्हणाली, "हे काय पाळी नव्हे, हे औषधाचं हाय. तू जा, फुलं वाह." कुठल्या शास्त्रात बसतं मला माहीत नाही. अक्का गौरीपुढे बसल्या, जाऊबाई गप्प. ऑक्टोबरपासून डाग जवळपास थांबले.

दुसरं अडलं ते वजनात. पहिल्या चार महिन्यांत ८४ वरून ७८ आलं, आणि मग दिवाळीचा फराळ आणि त्याला लागून लग्नसराईच्या ऑर्डरी, रात्री बारापर्यंत मशीन, दूध घालायला परत मुलगा. नोव्हेंबरअखेर ८० भरलं. अक्का दोन महिने माझ्याकडे आल्याच नाहीत, काट्यावर उभं राहायची लाज. मी फोनवर वजनाचं विचारलं नाही, गुडघ्याचं विचारलं. म्हणाल्या जिना उतरायला येतंय आता. मग त्या डिसेंबरात आल्या, तुकड्याच्या तपासणीच्या निमित्ताने.

निष्पन्न काय झालं

सहा महिन्यांनंतरच्या रिपोर्टात अस्तर सरळ आलं, हायपरप्लेशिया नाही. हिमोग्लोबिन ११.६. शुगरची सरासरी ५.९. बीपी गोळीवर १३४/८४. फेब्रुवारी २०२६ ला वजन ७६.५, म्हणजे मूळ वजनाच्या नऊ टक्क्यांच्या आसपास कमी. बीएमआय अजून ३३. कुणी बघून म्हणणार नाही की ही बाई बारीक झाली, गावात कुणी म्हटलंही नाही, आणि ह्याचं अक्कांना थोडं वाईट वाटतं. मी त्यांना रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून दाखवले.

लघवीचं बऱ्यापैकी सुधारलं, पूर्ण गेलं नाही, जोरात शिंक आली तर होतं. पण जानेवारीत पौर्णिमेला सौंदत्तीला जाऊन आल्या गावातल्या बायकांबरोबर, आधार कार्ड दाखवून, तिकीट शून्य. घोरण्यासाठी झोपेची तपासणी करायला सांगितली होती, ती झालेली नाही. शहरात एक रात्र मुक्काम, खर्च, आणि घरी कोण बघणार. घोरणं थोडं कमी झालंय असं मुलगी म्हणते, पण बीपी आणि सकाळचं जड डोकं बघता ती तपासणी व्हायला हवी, मी मागे लागलेय.

काय वेगळं करता आलं असतं

दुसऱ्या बाळंतपणानंतरची पंधरा वर्षं. तेव्हाच दर दोनतीन वर्षांनी शुगर बघितली असती, वजन साठ-पासष्टला असताना कुणी जेवणाचं बोललं असतं, तर २०२५ ला एवढं उतरवायची वेळ आली नसती. कर्नाटकात एनएफएचएस-५ प्रमाणे, म्हणजे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, साधारण ३०% बायका जास्त वजनाच्या होत्या, देशात २४%. म्हणजे गावात दर तिसरी-चौथी बाई, आणि तरी आपल्याकडे आशा आणि अंगणवाडीत बाईचं वजन बघतात ते गरोदर असताना, कमी आहे का म्हणून.

तिशी-चाळिशीतल्या जास्त वजनाच्या बाईला पाळी अनियमित आणि भरपूर जात असेल तर दोन वर्षं गोळ्यांवर काढू नयेत. अस्तर तपासणं लवकर व्हायला हवं होतं. आणि हिमोग्लोबिन, जे शंभर-दोनशे रुपयांत होतं, ते चक्कर येऊन पडायच्या आधी.

कागदाचं. संमतीचा कागद वाचता येणाऱ्या भाषेत नसेल तर निदान वाचून, समजावून, बाईला स्वतःला विचारून सही घ्यायला हवी. सीमाभागात भाषेवरून काय काय होतं ते सगळ्यांना माहितीय, तो वाद इथे नको, पण ऑपरेशनच्या कागदावर तरी तो येऊ नये. घरच्यांनी एवढं करावं की सही करायच्या आधी कागदाचा फोटो काढून वाचता येणाऱ्या कुणाला तरी दाखवावा. अक्कांच्या मुलीला कन्नड वाचता येतं. तिला कुणी दाखवला नव्हता.

लघवीचा प्रश्न मुलगी बाहेर गेल्यावर निघाला. नवरा, सासू, मुलगी खोलीत असताना बाई हे बोलत नाही, त्यामुळे तपासणाऱ्याने पाच मिनिटं एकटीशी बोलायला हवंच, आणि स्वतःहून विचारायला हवं, तिने सांगायची वाट बघू नये.

दिवाळी-लग्नसराईचा खड्डा टाळता आला असता असं मला वाटत नाही, शिलाईचा तोच कमाईचा काळ. पण ऑर्डरी घ्यायच्या आधीच, दसऱ्यालाच, त्या दोन महिन्यांचं साधं वेळापत्रक ठरवता येतं, रात्री जागायचं असेल तर काय खायचं, दूध घालायचं काम मुलाकडे परत द्यायचं नाही एवढं तरी. पुढच्या दसऱ्यासाठी ते वहीत लिहून ठेवलंय.

सध्या पुढचं असं आहे. जूनमध्ये अस्तराची आणखी एक तपासणी, ती पण ठीक आली तरी वजन जास्त असल्यामुळे वर्षातून एकदा बघत राहायचं असं डॉक्टरांचं म्हणणं. वजनाचं लक्ष्य डिसेंबरपर्यंत ७३, त्याच्या खाली मी आत्ता बोलत नाही. आणि मागच्या महिन्यात अक्का नणंदेला घेऊन आल्या, वय ४१, तिलाही पिशवी काढायला सांगितलंय, तिचाही तुकडा तपासलेला नाही.